विस्मरणचूर्ण आणि कौशल्याबाईंची चाळण

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला निजामपुऱ्यातल्या प्रतापसिंहरावांच्या बंगल्यापुढे इतक्या चपला साठायच्या, की शाळेच्या रिक्षा वळसा घालून जायच्या. फाटकाशी हातगाड्या, एक लारी फाफड्याची, एक नारळांची आणि एक महाराजांच्या फोटोंची. आत हिरवळीवर मांडव, मांडवात सतरंज्या, आणि सतरंज्यांवर बडोद्यातली झाडून सगळी दुःखी माणसं आणून बसवली असावीत असं वाटे. आठ-आठ रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या बायका होत्या. मुलगा गेल्यापासून न बोलणारे बाप होते. कच्छच्या भूकंपातून परत आलेले, पण पुरते परत न आलेले, असेही चार-दोन होते. माझा धाकटा भाऊ गोविंद त्यांतला.

मौनीमहाराजांनी हिमालयात बारा वर्षं मौन पाळलं होतं म्हणे. त्या काळात बोलायचं राहून गेलेलं सगळं ते दर गुरुवारी बोलून काढत. सुरुवात गुजरातीत करत, हिंदीत चढत आणि पुढच्या रांगेत ओळखीचे चेहरे दिसले की मराठीत उतरत.

“दुःख म्हणजे काय? आठवण. आठवण म्हणजे काय? मनाला चिकटलेलं तेल. डॉक्टर काय करतो? तेलाला गोळी घालतो. त्याने तेल जातं का, बेन?”

“ना,” मांडव म्हणायचा.

“मग तेल कशाने जातं?”

इथे मांडव अडखळायचा. एकदा मागून कुणीतरी कपडे धुण्याच्या साबणाचं नाव घेतलं. महाराजांनी तिकडे पाहिलं नाही.

“विस्मरणचूर्णाने,” ते म्हणाले. “एकवीस दिवस, एकवीस पुड्या. बाविसाव्या दिवशी तुम्ही मला विचाराल, महाराज, मी इथे कशासाठी आलो होतो?”

आता चमत्कार. महाराजांसमोर तांब्याचं एक मोठं घंगाळ असे. नवीन भक्ताने आधी आपल्याकडची सगळी इंग्रजी औषधं त्यात अर्पण करायची. पाकिटं, पट्ट्या, सुट्या गोळ्या, काहीही मागे ठेवायचं नाही. “विषावर अमृत ओतलं तर अमृताचं विष होतं,” असं महाराज सांगत. घंगाळावर भगवं फडकं पडे. मग पहिली पुडी महाराज स्वतःच्या हाताने जिभेवर सोडत, वर कोमट पाणी देत आणि भक्ताला बंगल्यातल्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये अंथरलेल्या गाद्यांवर नेऊन निजवत. पाऊण तासात आठ रात्री जागलेली बाई घोरू लागे. ते घोरणं मांडवापर्यंत ऐकू येई आणि मांडव हात जोडे. घोरण्याचा जयजयकार झालेला मी फक्त तिथे पाहिला.

उठल्यावर ती बाई जड जिभेने म्हणे, “मने तो सपनुंय नथी आव्युं.” मला स्वप्नसुद्धा पडलं नाही. आणि पुढच्या गुरुवारी आणखी वीस जोड चपला वाढत.

ही गोष्ट २००३ च्या नोव्हेंबरातली.

आम्ही पाच बायका मिळून मेतकूट, भाजणी, चकलीचं पीठ असं करून विकतो. पुड्या बांधण्यात आमचा हात चालतो, म्हणून महाराजांच्या मंडळींनी आम्हांला सेवा दिली. गुरुवारी सकाळी प्रतापसिंहरावांच्या मागच्या पडवीत बसायचं. समोर दोन डबे. मोठ्या डब्यातलं साधं चूर्ण रोजच्या पुड्यांचं. लहान, झाकणाला नाडी बांधलेल्या डब्यातलं ‘सिद्ध’ चूर्ण पहिल्या पुडीचं आणि मोठ्या पुडीचं. मोठी पुडी म्हणजे ज्याचं दुःख चिवट त्याला दुसऱ्या वेळी द्यायची. सूचना तीनच होत्या. वास घ्यायचा नाही, चाखायचं नाही, चाळायचं नाही. मोठ्या डब्यातलं चूर्ण सुंठ आणि ज्येष्ठमध होतं, हे वास न घेताही कळत होतं. लहान डब्याबद्दल मी विचारलं नाही. दोन गुरुवार मीही पुड्या भरल्या. हे लिहायचं टाळता आलं असतं.

आता गोविंदचं सांगते. तो टेलिफोन खात्यात केबल जोडणारा. भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी त्यांची तुकडी भुजला गेली. एका पडलेल्या तीन मजली इमारतीच्या कडेला याचा खड्डा. खड्ड्यात उतरून हा तारा जोडत होता तेव्हा ढिगाऱ्याखालून पाइपावर ठोके आले. याने वर जाऊन सांगितलं. जवानांनी ऐकलं, यंत्र मागवलं. यंत्र दुसरीकडे अडकलं होतं. तोवर हा खड्ड्यात बसून पकडीने पाइपावर उत्तर देत राहिला. खालून तीन, याचे तीन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालून यायचे थांबले. यंत्र त्यानंतर आलं.

परत आल्यावर तो दोन महिने बरा होता. मग कुकरची शिट्टी, दारावरची टकटक, वरच्या मजल्यावरच्या पोरांचा कॅरम, काहीही कानावर आलं की हा ताठ व्हायचा. मग जेवण सुटलं. मग अंघोळ. मग एक दिवस मला म्हणाला, “ताई, मी नसतो तर सगळ्यांना सोपं गेलं असतं.” कालवणात मीठ कमी आहे हे सांगावं तशा आवाजात.

सयाजीगंजातल्या डॉक्टर निरुपमांकडे मी त्याला नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि आठवड्यातून एकदा बोलायला बोलावलं. दीड महिना काही झालं नाही. गोळी एकदा बदलली. तिसऱ्या महिन्यात तो एके सकाळी स्वतःहून दाढी करून बसला. पुढे कामावरही जाऊ लागला. पुरता बरा नव्हता. तोंडाला कोरड पडायची, वजन वाढलं, आणि कॅरम अजून सोसायचा नाही. पण माणूस घरात आहे हे कळायला लागलं होतं.

त्याची बायको सुहासिनी वाईट नाही. दमलेली होती. गोळ्यांची पट्टी ती तांदळाच्या डब्यात लपवायची, कारण शेजारीण फडताळ उघडते. दवाखान्यात जाताना उन्हाळा असो की हिवाळा, छत्री उघडी धरायची, म्हणजे पाटीखालून शिरताना तोंड दिसू नये.

“वन्सं,” ती मला म्हणाली, “महाराजांकडे आपले लोक उघड जातात. प्रतापसिंहराव स्वतः पंखा ढाळतात. तिथे यांना कुणी वेडा म्हणणार नाही. आणि एकवीस दिवस. डॉक्टरीणबाईंना विचारलं किती दिवस, तर म्हणतात, सांगता येत नाही. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्याकडे का जायचं?”

मी नाही म्हणाले. पण मी पुड्या भरत होते, त्यामुळे माझ्या नाही म्हणण्यात दम नव्हता.

गोविंदने गोळ्या घंगाळात टाकल्या. पहिल्या पुडीने तो हॉलमध्ये पाच वाजता निजला तो घरी उचलून न्यावा लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उठला. सुहासिनीने पेढे वाटले.

चौथ्या दिवशी त्याच्या डोक्यात विजेचे झटके बसू लागले. मान वळवली की झटका. झोप गेली, हात थरथरू लागले. सुहासिनी बंगल्यावर विचारून आली. सेवेकऱ्यांनी सांगितलं, “विष बाहेर पडतंय. जितका त्रास जास्त तितकं चूर्ण खरं.” या हिशोबाने चूर्ण फारच खरं होतं.

बुधवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज खाली. “वन्सं, येता का जरा.”

मी गेले तेव्हा गोविंद न्हाणीघरात उकिडवा बसला होता. छन्नी-हातोडीने त्याने तीन फरश्या उखडल्या होत्या आणि चौथीच्या कडेला घाव घालत होता. बोटांतून रक्त येत होतं. मला पाहून त्याने आनंदाने जागा करून दिली.

“ताई, खाली आहे कुणीतरी. बघ, तीन वाजवतात. यंत्राची वाट नाही बघायची या वेळी.”

मी त्याच्याजवळ ओल्या फरशीवर बसले. “गोविंदा, हात धू आधी,” एवढंच म्हणाले. त्याने लहानपणीसारखे दोन्ही हात पुढे केले. मी ते धुतले. मग तो म्हणाला, “नाहीच उघडलं तर मी तिकडेच जाईन खाली. एकटं नको राहायला त्याने.”

दारात उभी सुहासिनी पदर तोंडात कोंबून ऐकत होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “उद्या मोठी पुडी आहे. महाराज म्हणाले, मोठ्या पुडीने मुळातून जाईल.”

“आधी डॉक्टरांकडे जाऊ.”

“त्यांच्याकडे काय तोंडाने जाऊ? गोळ्या टाकल्या म्हणून सांगू? वन्सं, उद्याचा एक दिवस. मग तुम्ही म्हणाल तसं.”

त्या रात्रभर आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसलो आणि गुरुवारी सकाळी मी पडवीत पुड्या भरायला गेले, कारण मोठी पुडी कशाची आहे ते मला पाहायचं होतं.

पाहायला मी गेले होते, पण पाहिलं कौशल्याबाईंनी. कौशल्याबाई आमच्यात सगळ्यांत मोठ्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांना एका कानाने ऐकू कमी येतं, आणि सूचना नेमक्या त्याच बाजूने येतात. शिवाय आमच्या कामात एक नियम आहे. न चाळलेलं पीठ डब्यातून बाहेर पडत नाही. घरून आणलेलं असो, गिरणीतून आलेलं असो, देवळातलं असो, आधी चाळायचं. दोन गुरुवार मोठ्या डब्यावर काढल्यावर त्या दिवशी कौशल्याबाईंच्या वाट्याला लहान डबा आला. त्यांनी नाडी सोडली, पिशवीतून मैद्याची चाळण काढली आणि काही न बोलता चाळायला लागल्या.

“अहो, चाळायचं नाही,” मी म्हणाले.

“हो, बारीकच चाळते,” त्या म्हणाल्या.

चूर्ण खाली गेलं. वर जे राहिलं ते त्यांनी बोटाने फिरवून पाहिलं आणि चाळण माझ्यापुढे धरली.

“कुसुम, ही सुंठ नव्हे.”

चाळणीत चांदीच्या कागदाचे कपटे होते. गुलाबी रंगाचे पापुद्रे होते, गोळीवर असतात तसे. एका कॅप्सूलची पिवळी टोपी होती. आणि मिक्सरच्या पात्याखालून निसटलेले गोळ्यांचे काही तुकडे.

मी अर्धी चिमूट स्टीलच्या डबीत घेतली, उरलेलं कौशल्याबाईंनी परत डब्यात सारलं, आणि मी रिक्षा करून सयाजीगंजात गेले. डॉक्टर निरुपमांनी दोन पेशंटांच्या मधे मला आत घेतलं. भिंगाखाली कपटे धरले. एकावर कंपनीच्या नावाची दोन अक्षरं शाबूत होती.

“हे कुठून आणतात महाराज?” त्यांनी विचारलं.

मला घंगाळ आठवलं. मी सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“म्हणजे लोक माझ्या गोळ्या त्यांना देतात, ते त्या दळतात आणि लोकांना परत देतात.”

“तुमच्याच असं नाही. गावातल्या सगळ्या डॉक्टरांच्या.”

“तेच वाईट आहे,” त्या म्हणाल्या. “यात झोपेची गोळी असेल, तिने माणूस निजतो, तो तुमचा चमत्कार. उदासीवरची असेल, फिटची असेल, कुणाची रक्तदाबाचीही असेल. कुठल्या पुडीत काय गेलं ते दळणाऱ्यालाही माहीत नाही. आणि गोविंदना झटके बसतायत ते विष बाहेर पडतंय म्हणून नाही. रोजची गोळी एकदम तोडली म्हणून. ती उतरवायची तर हळूहळू उतरवावी लागते. मोठी पुडी कधी आहे?”

“आज चारला.”

“घेऊ देऊ नका. झोपेच्या चार गोळ्या एकदम गेल्या तर श्वास मंद होतो. किती आहेत हे कळायला मार्ग नाही.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “मी सातपर्यंत उठू शकत नाही. पण तिथे डॉक्टर नको आहे. डॉक्टरवर तिथे कुणाचा विश्वास नाही. तुम्ही त्या चाळणवाल्या बाईंना घेऊन जा. आणि काही झालं तरी तिथून गोविंदना थेट माझ्याकडे आणा.”

मी परतले, पडवीत कौशल्याबाईंना सगळं सांगितलं, तोवर मांडव भरला होता. महाराज तेलावर आले होते. पुढे डाव्या हाताला सुहासिनी आणि गोविंद. गोविंदच्या बोटांना पट्ट्या, डोळे तांबडे. मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं. ती म्हणाली, “वन्सं, आता नको,” आणि समोर पाहत राहिली.

गोविंदचं नाव पुकारलं गेलं. महाराजांनी पुडी उचलली आणि जवळ बसलेल्या सुहासिनीच्या हातात दिली. “मोठी पुडी अर्धांगिनीच्या हाताने,” ते म्हणाले. “दुःख दोघांचं आहे.” सेवेकऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला.

तेवढ्यात कौशल्याबाई चाळण, परात आणि लहान डबा घेऊन सतरंजीवर येऊन बसल्या. डबा त्यांनी विचारून आणला नव्हता.

“महाराज, एक सेवा राहिली,” त्या म्हणाल्या. “चाळायचं राहिलं होतं.”

“माई, हे सिद्ध चूर्ण आहे. याला चाळण लागत नाही.”

“सिद्ध असेल तर खाली पडेल.”

मांडवात कुणीतरी हसलं आणि खोकून ते लपवलं. महाराजांनी प्रतापसिंहरावांकडे पाहिलं. प्रतापसिंहराव पंखा ढाळत होते. सरदार घराण्यातला माणूस, जन्मभर कुणाला नाही म्हणायची सवय नाही, त्यातून बायकांना तर नाहीच.

“चाळू द्या की, महाराज,” ते म्हणाले. “काकूंनी माझ्या बारशाचा रवा चाळला होता.”

कौशल्याबाईंनी चाळलं. चार थापट्या मारल्या आणि चाळण महाराजांपुढे अंथरलेल्या पांढऱ्या उपरण्यावर उपडी केली. कपटे, पापुद्रे, टोप्या, तुकडे. पुढच्या रांगा वाकून पाहायला लागल्या.

महाराज जराही गडबडले नाहीत. त्यांचं मला कौतुक वाटलं.

“पाहा,” ते म्हणाले. “पाहून घ्या. हेच ते. तुमच्या आठवणींचे खडे. चूर्णाने ओढून वर आणले.”

आणि काय सांगावं, चार-सहा जणांनी उपरण्याला हात लावून नमस्कार केला. एका बाईंनी एक पापुद्रा पदराला बांधून घेतला. मला वाटलं, संपलं. सुहासिनीच्या बोटांत पुडी होती आणि ती उलगडायला लागली होती.

मोहनराव म्हणून चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर आमच्या ओळखीचे. बायको गेल्यापासून तेही येत. ते चष्मा वर करून उपरण्यावर इतके वाकले, की मला वाटलं तेही नमस्कार करतायत. त्यांनी चिमटीत एक तुकडा उचलला.

“ही माझी आहे,” ते म्हणाले.

“आठवण?” सेवेकऱ्याने विचारलं.

“गोळी. मला अर्धी घ्यायला सांगितली आहे. हाताने धड तुटत नाही, म्हणून मी अडकित्त्याने कापतो. अडकित्त्याच्या पात्याला खाच आहे, त्यामुळे कापलेल्या कडेला अशी बारीक चंद्रकोर येते.” मग त्यांनी जरा ओशाळून सदऱ्याच्या आतल्या खिशातून कागदाची घडी काढली. “सगळ्या अर्पण करायच्या होत्या, पण एक ठेवली होती. लागली तर असावी म्हणून.”

दोन्ही अर्ध्या गोळ्या त्यांनी तळहातावर शेजारी ठेवल्या. दोन्हींना चंद्रकोर होती. चित्रकलेच्या मास्तरांनी दाखवलेली रेघ नाकारणं कठीण असतं.

“ही मी गेल्या गुरुवारी त्या घंगाळात टाकली होती,” ते म्हणाले. “महाराज, माझ्या आठवणीचा खडा कंपनीने बनवलेला आहे.”

मग मागून एक बाई पुढे आल्या. “आ गुलाबी तो मारी वहुनी छे,” त्या म्हणाल्या. ही गुलाबी त्यांच्या सुनेची. पिवळी टोपी कुणीतरी ओळखली. कुणाला आपल्या पट्टीचा कपटा सापडला. उपरण्याभोवती गर्दी झाली आणि जत्रेत हरवलेली पोरं घेऊन जावीत तसे लोक आपापलं ओळखू लागले. पदराला पापुद्रा बांधलेल्या बाई गाठ सोडत होत्या.

मी उभी राहिले. मला भाषण येत नाही. “आपल्याच गोळ्या आहेत,” मी सांगितलं. “एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. झोपेच्या होत्या म्हणून झोप आली. ज्याला त्रास झाला त्याला स्वतःची गोळी बंद झाल्याने झाला. रोजच्या पुडीत सुंठ आहे. ती मी भरली आहे.”

प्रतापसिंहरावांनी पंखा खाली ठेवला. स्वतः उठून घंगाळावरचं फडकं काढलं. त्या दिवशीच्या पट्ट्या तळाशी होत्या, अजून दळायच्या.

“महाराज, हे काय?”

महाराजांनी डोळे मिटले आणि मौन धरलं. त्यांना ते जमतं हे त्या दिवशी सिद्ध झालं.

सुहासिनीच्या हातात पुडी अर्धी उघडी होती. तिने ती पुन्हा घडीवर घडी जुळवून मिटली, फार सावकाश, चुरा सांडू नये अशी.

“वन्सं, यात किती होतं?”

“माहीत नाही गं.”

“मी देणार होते,” ती म्हणाली. “आत्ता देणार होते.”

गोविंदने सेवेकऱ्याच्या हातातला पाण्याचा पेला घेतला आणि तिलाच प्यायला दिला. फाटकाशी रिक्षा होत्याच.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी गोविंदला तपासलं, दोन रात्री ओळखीच्या दवाखान्यात ठेवून घेतलं आणि गोळी पुन्हा खालच्या मापापासून सुरू केली. महाराज रात्रीतून तीर्थयात्रेला गेले. चूर्णाचा डबा प्रतापसिंहरावांनी सरकारी तपासणीला नेऊन दिला आणि जबाबात स्वतःचं नाव पहिलं घातलं.

सुहासिनीने मात्र डॉक्टरांना सोडलं नाही. ती रागावलेली होती, बहुतेक स्वतःवर, पण समोर डॉक्टर होत्या.

“तुमच्या गोळीने तोंड कोरडं पडतं. वजन वाढतं. पहिली तर लागूच पडली नाही. मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?”

“माझी गोळी किती लोकांना लागू पडत नाही, ते मला माहीत आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “महाराजांचं चूर्ण सगळ्यांनाच लागू पडत होतं.”

सुहासिनीने खुर्ची पुढे ओढली.

“दुसरं औषध नकोच असं मी म्हणत नाही,” त्या पुढे म्हणाल्या. “झाडपाल्याचं असेल तरी चालेल. परदेशात भूल देण्याच्या औषधावर उदासीसाठी प्रयोग चाललेत असं वाचलंय. उद्या ते खरं ठरलं तर मी वापरीन. पण विचारीन. आत काय आहे, किती आहे, किती जणांना देऊन पाहिलं आणि किती जणांना त्याने बरं वाटलं नाही. शेवटचा प्रश्न विचारल्यावर जो रागावतो त्याच्याकडून काही घेऊ नका. माझ्याकडूनसुद्धा. आणि नुसत्या गोळीने भागणार नाही. त्या ठोक्यांबद्दल गोविंदना बोलावं लागेल. विसरायला नव्हे. सोबत ठेवून जगता यावं म्हणून.”

मला वाचकांना सांगायचं ते एवढंच. आम्ही मेतकूट करतो तेव्हा प्रत्येक डाळीचं माप ठरलेलं असतं, आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर आम्ही सांगतो. जिथे आपलं माणूस पणाला लागलं आहे तिथे निदान तेवढं तरी विचारावं. चालू गोळी डॉक्टरला न विचारता बंद करू नये, कुणाच्याही सांगण्यावरून, देवाच्या तर नाहीच. देवाच्या नावाने कोण सांगतंय, हे आधी पाहावं. आणि घरात कुणी ‘मी नसतो तर’ असं साध्या आवाजात म्हणालं, तर ते साधं समजू नये.

इथे मी थांबणार होते, पण एक राहिलं. डिसेंबरच्या मध्यावर गोविंदला दाखवायला मी आणि सुहासिनी गेलो होतो. डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्याच मजल्यावर दातांचा दवाखाना. बसायचा व्हरांडा दोघांचा एकच. त्या दिवशी बाकांवर जागा नव्हती आणि सगळे ओळखीचे होते. निजामपुऱ्याच्या मांडवात शेजारी शेजारी बसून रडलेली माणसं इथे एकमेकांना नव्याने भेटत होती.

“कसे काय इकडे?”

“दाताचं जरा. तुम्ही?”

“दाढ. फार ठणकते.”

गुलाबी गोळीवाल्या बाईंच्या सुनेचा दात होता. सेवेकरी तरुणाच्या हिरड्या होत्या. कुणीही डाव्या दाराकडे पाहत नव्हतं आणि उजव्या दारातून दातांचे डॉक्टर पुन्हा पुन्हा डोकावून रिकाम्या खुर्चीकडे जात होते.

मोहनरावांनी सुहासिनीला विचारलं, “काय वहिनी, तुम्हीही दातांसाठी?”

तिने छत्री मिटून बाकाला टेकवली. गोविंदने तिच्याकडे पाहिलं, मीही.

“नाही,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “यांना मनाचं औषध चालू आहे. इकडे डावीकडे.”

सेवेकरी तरुण चपलेकडे पाहू लागला. मोहनरावांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं आणि सरकून गोविंदला शेजारी जागा करून दिली.

“बसा,” ते म्हणाले. “मीही तिकडेच. दात माझे सहा वर्षांपूर्वीच सगळे पडले.”